रक्त न्या, पण आमची धूळही मोजून न्या : दम्याच्या जनुकांवर काम करणाऱ्यांना विट्यातून खुलं पत्र

प्रति,
जैवतंत्रज्ञान विभाग आणि आयसीएमआरमधले साहेब-मॅडम, आणि देशात जिथं कुठं दम्याच्या जनुकांवर काम चालतं तिथले सगळे शास्त्रज्ञ,

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात विट्याला औषधाचं दुकान चालवतो. डी.फार्म झालंय, त्यापुढं काही नाही, पण दम्याचे पंप रोज माझ्या हातून जातात, ते कोण नेतंय, कोण उसने पैसे काढून नेतंय आणि कोण लपवून नेतंय हे काउंटरवर उभं राहून कळतंच, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. पत्र लांब झालंय, चहा घेऊन वाचा.

आधी एक सांगतो, मी तुमच्या जनुकांच्या अभ्यासाच्या विरोधात लिहीत नाहीये. उलट तुम्ही आमच्याकडं यायला उशीर केलाय असं माझं म्हणणं आहे. दम्याच्या जनुकांचा पहिला मोठा शोध लागला २००७ साली, १७ नंबरच्या गुणसूत्रावर १७क्यू२१ म्हणून जागा आहे, तिथं ओआरएमडीएल-थ्री, जीएसडीएमबी अशी जनुकं बसलीत आणि लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी त्या जागेचा संबंध आहे, हे कळलं ते ब्रिटन आणि जर्मनीच्या पोरांवरून. २०१० ला गॅब्रिएल नावाचा त्याहून मोठा अभ्यास आला, तोही युरोपियन वंशाच्या लोकांचाच. म्हणजे २००९ पर्यंत जगात जिनोमचे, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डीएनएचे, असले जे अभ्यास झाले त्यात भाग घेतलेली ९६ टक्के माणसं युरोपियन वंशाची होती, २०१६ ला परत मोजलं तर ८१ टक्के. आणि दमा कुणाला जास्त मारतोय बघा, २०१९ च्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणं भारतात ३ कोटी ४३ लाख दमेकरी, म्हणजे जगातले १३ टक्के, पण दम्यानं मरणाऱ्यांत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर. रोगी इकडं आणि अभ्यास तिकडं असा हा सगळा कारभार आहे.

तिकडचं संशोधन इकडं जसंच्या तसं का चालत नाही याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. एस्तेबान बर्चार्ड यांनी गाला आणि सेज नावाचे दम्याचे अभ्यास चालवलेत. अमेरिकेत पोर्तो रिकोचे आणि मेक्सिकोचे लोक 'लॅटिनो' म्हणून एकाच खात्यात टाकायची पद्धत, पण दमा पोर्तो रिकन लोकांत देशात सगळ्यात जास्त आणि मेक्सिकन लोकांत फार कमी. वर २००४ साली असंही छापून आलं की साल्ब्युटामॉल, म्हणजे आपला निळा पंप, मारल्यावर पोर्तो रिकन दमेकऱ्यांची छाती मेक्सिकन दमेकऱ्यांइतकी मोकळी होत नाही. एकच औषध, एकच डोस. आम्हाला काउंटरवर हे रोज दिसतं, एकाला दोन पफमध्ये बरं वाटतं आणि दुसरा अर्धा पंप संपवून पण खांदे उचलून श्वास घेत असतो, आपण म्हणतो पंप मारायची पद्धत चुकतीय, आणि बऱ्याचदा चुकतच असते, पण दरवेळी तेच कारण असेल असं कशावरून?

मग आपल्याकडं काय. आपण तर 'लॅटिनो' पेक्षा मोठं गाठोडं आहोत, जगाच्या पेपरात आपण सगळे 'साउथ एशियन'. हार्वर्डचे डेव्हिड रायक आणि हैदराबादचे थंगराज या जनुकशास्त्रज्ञांच्या कामामुळं आता सगळ्यांना माहितीय की इथला प्रत्येक समाज शेकडो-हजारो वर्षं आपल्यातच लग्नं करत आलाय, २०१७ च्या पेपरात त्यांनी २६३ गट तपासले त्यातले ८१ गट असे निघाले की ज्यांची मूळ माणसं, म्हणजे ज्यांच्यापासून गट वाढला ती, फिनलंडच्या लोकांच्या मूळ माणसांपेक्षाही कमी असावीत. एका गल्लीत राहणारी, एकाच नळाचं पाणी पिणारी चार घरं, पण रक्तानं एकमेकांपासून लांब. जिनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं २०२० पासून २० संस्था घेऊन १० हजार लोकांचा जिनोम वाचला, ८० हून जास्त समाजगटांचा, आणि ९ जानेवारी २०२५ ला तो डेटा संशोधकांना खुला केला, फार मोठं काम, मनापासून अभिनंदन. पण तो निरोगी माणसांचा नकाशा आहे. त्याच्यावर दमा, शुगर, बीपी बसवायचं काम आता सुरू होणार, आणि तिथंच मला भीती वाटतीय, म्हणून हे पत्र.

भीती अशी. आमच्या जिल्ह्यात जात आणि धूळ एकाच दोरीला बांधलीय.

वडार समाज दगडाच्या कामात, पिढ्यान्पिढ्या, आधी सुतकी-हातोडा आणि आता क्रशर. विट्यात माग, म्हणजे पॉवरलूम, त्यात कोष्टी-साळी घरं पहिल्यापासून, आता बाकीचे पण आहेत. धनगर मेंढरामागं उघड्यावर, आणि त्यांची पोरं जनावरांच्या सहवासात वाढलेली. आता समजा तुम्ही दमा असलेली हजार माणसं आणि नसलेली हजार माणसं आमच्याकडनं उचलली आणि रक्त वाचलं. डीएनएमधला एखादा बारीकसा फरक वडार समाजात योगायोगानं जास्त आहे, बाकीच्यांत कमी आहे, त्यानं फुफ्फुसाला काहीसुद्धा होत नाही. पण क्रशरवर काम केल्यामुळं दमेकऱ्यांच्या यादीत वडार जास्त आलेत. (त्यातल्या काहींना तर दमा नसणारच, सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीचा फुफ्फुसाचा रोग, नाहीतर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणं, असणार, पण कागदावर सगळ्यांना दमाच लिहिलेला असतो.) मग कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगणार की हा फरक दम्याशी जोडलेला आहे. आणि पेपर छापून येणार, आणि पेपरवाले हेडिंग देणार, अमुक समाजात दम्याचं जनुक सापडलं!

तुम्ही म्हणाल याचा बंदोबस्त आम्ही कधीच केलाय. केलाय, मला माहितीय, प्रिन्सिपल कंपोनंट, म्हणजे डीएनएवरनं कोण कुणाच्या जवळचं हे सांगणारे आकडे, काढून वंशाचा फरक वजा करता. पण जिथं वंश आणि धूळ बरोबरच चालतात तिथं एक वजा केलं की दुसरं पण जातंय, आणि खरंच एखाद्या समाजात दम्याचं जनुक असलं तर तेही त्याच्याबरोबर वाहून जाणार. गणितानं हे सुटत नाही. सुटायचा एकच रस्ता, धूळ वेगळी मोजायची. प्रत्येक माणसाची. रक्ताची ट्यूब जशी नंबर टाकून ठेवता तशी.

आणि हे मी काही नवीन सांगत नाहीये. अमेरिकेत अमिश आणि हटराइट नावाचे दोन समाज आहेत, दोन्ही आल्प्सच्या भागातनं गेलेले शेतकरी, दोन्ही आपापल्यातच लग्नं करणारे, रक्तानं एकमेकांच्या खूप जवळचे, खाणंपिणं सारखं, घरात सिगारेट नाही, पोरांना आईचं दूध भरपूर. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यांच्यावर पेपर आला. अमिश पोरांत दमा ५.२ टक्के आणि हटराइट पोरांत २१.३ टक्के! चौपट. जनुकं जवळजवळ तीच. मग फरक कुठला, तर अमिश घरटी चार गाया आणि घोडे ठेवून हातानं शेती करतात, पोरं गोठ्यात खेळतात, आणि हटराइटांची शेती मोठी, मशीनची, घरापासून लांब. संशोधकांनी दोघांच्या घरातली धूळ गोळा करून नेली, अमिश धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातला अंश, जवळजवळ सातपट निघालं, आणि तीच धूळ उंदरांच्या नाकात घातली तर अमिश धुळीनं उंदरांना दम्यापासून वाचवलं, हटराइट धुळीनं नाही. दम्याचे टक्के आधीच्या अभ्यासांतले, या पेपरासाठी पोरं किती तपासली म्हणाल तर दोन्हीकडची ३०-३०. म्हणजे दहा हजारांचा फौजफाटा नव्हता, पण धूळ नेली म्हणून कळलं. नुसतं रक्त नेलं असतं तर दोन्ही समाज सारखेच दिसले असते आणि फाइल बंद.

त्याच वर्षी युरोपच्या खेड्यातल्या पोरांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती तर मी दुकानात येणाऱ्या डॉक्टर लोकांना पण सांगतो. तीच १७क्यू२१ ची जागा, तिथं ज्या पोरांकडं धोक्याचा प्रकार होता त्याच पोरांना तान्हेपणी गोठ्याचा फायदा दिसला. त्याआधी २००८ ला फ्रान्सच्या अभ्यासात दिसलं होतं की त्याच जागेचा तोटा, लहानपणी घरात सिगारेटचा धूर असलेल्यांत जास्त होतो. म्हणजे जनुक एकच आणि गोठ्यात एक बोलतंय, धुरात दुसरंच बोलतंय. मग सांगा, कोण गोठ्याशेजारी वाढलं आणि कोण चुलीच्या धुरात वाढलं हे न विचारता नुसतं रक्त वाचून काय हाती लागणार आहे?

आता आमची धूळ कुठली ते सांगतो, कारण दिल्लीत बसून फॉर्म करताना 'तुम्ही धूम्रपान करता का', 'घरी गॅस आहे का' यापलीकडं कुणी जात नाही.

तासगाव-कवठेमहांकाळला फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा सीझन. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातनं काढून रॅकवर पसरायची, वाळत आली की पिवळा रंग यावा म्हणून शेड चारी बाजूनं झाकून आत गंधकाची धुरी द्यायची. कापड काढलं की बाया लगेच आत शिरतात, डोळ्यातनं पाणी, तोंडाला पदर, आणि काम चालू. त्या धुरीतला सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याची छाती काही मिनिटांत आवळतो, हे पुस्तकात आहे, पण बेदाण्याची शेड तुमच्या फॉर्मवर नाही. मग विट्याचे माग, भुवयांवर पांढरा कापूस बसलेला माणूस रात्रपाळी संपवून पंप न्यायला येतो. मग सांगलीला हळदीचं पॉलिश. मग उसाचा फड पेटवला की दोन दिवस अंगणात काळ्या पापुद्र्यांचा पाऊस. मग २०१९ आणि २०२१ चा महापूर, पलूस-वाळव्याच्या घरांच्या भिंती कितीतरी महिने ओल्या, त्यावर बुरशी, आणि त्या घरात रांगणारी पोरं आता शाळेत जातायत. यातली कितीतरी पोरं तुमच्या अभ्यासात येतील. पुराच्या वेळी पोरगं केवढं होतं हा एक प्रश्न टाकायला काय लागतंय?

आणि गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडची दुष्काळी गावं, तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, केरळपासून पंजाबपर्यंत कुठंही जा, सराफ पेठेत आमचा माणूस सापडणार. बंद खोलीत नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर घेऊन वीस वर्षं काढतात आणि यात्रेला गावी येतात तेव्हा माझ्याकडनं सहा महिन्यांचे पंप घेऊन जातात. आधार कार्ड सांगली जिल्ह्याचं, फुफ्फुस दुसऱ्या राज्यातलं. उलट इकडं बीडकडनं ऊसतोडवाले येतात, पाच-सहा महिने कोपीत राहतात, चूल पेटवून, पोरं पाचटावर झोपवून, आणि ते कुठल्याच यादीत नसतात. गावच्या रेशन कार्डावरनं सॅम्पल काढलं तर हे दोन्ही सुटले.

बायकांच्या बाबतीत तर आणखी गंमत. आमच्याकडं अख्खं गाव एका आडनावाचं असतं, बाहेरच्याला वाटतं आतल्या आत लग्नं होत असतील, पण एका कुळात लग्न होत नाही, लेकी बाहेर जातात आणि सुना बाहेरून येतात. मामाच्या पोरीशी लग्न मात्र चालतं, ते तुम्ही विचारताच. मुद्दा असा की दम्याचा पाया पहिल्या चार-पाच वर्षांत पडतो म्हणतात, मग तासगावच्या शेडमध्ये सापडलेल्या बाईचं बालपण जतच्या माळावर गेलेलं असू शकतं नाहीतर कोकणात. नवऱ्याचं गाव लिहून घेतलं की झालं असं नाही हो. माहेर विचारा, माहेरी गोठा होता का विचारा, चूल कुठं होती विचारा. बायका सगळं सांगतात, घाईत नसलं की.

एक गोष्ट मात्र सांगणार नाहीत, ती म्हणजे दमा. दुकानात पोरीची आई येते, इकडं तिकडं बघते, हळूच म्हणते "खोका नको, नुसता पंप द्या, कागदात गुंडाळून." पोरीचं लग्न जमायचं असतं. डॉक्टर पण बिचारे समजून घेतात आणि चिठ्ठीवर ॲलर्जिक ब्रॉंकायटिस लिहितात, लहान पोराला बाळदमा म्हणतात, मोठा झाला की जाईल म्हणतात. मग तुमच्या फॉर्मवर 'डॉक्टरांनी तुम्हाला कधी दमा आहे असं सांगितलंय का' असा प्रश्न, आणि उत्तर येतं नाही, तेही खरंच, आणि ही पोरगी जाते निरोगी लोकांच्या यादीत. असे शंभर जण निरोगी यादीत बसले की तुमच्या कॉम्प्युटरला फरक कुठनं दिसणार? त्यापेक्षा सासू बाहेर असताना विचारा, की गेल्या वर्षभरात छातीत शिट्टी वाजली का, रात्री खोकल्यानं उठून बसावं लागलं का, झाडलोट करताना धाप लागते का. आणि फुंकायचं मशीन, म्हणजे स्पायरोमीटर, लावा, पंपाआधी एकदा, पंपानंतर एकदा. त्या मशीनचं पण एक बघा, आकडा नॉर्मल की कमी हे ते तुलना करून सांगतं, आणि २०१२ च्या जागतिक सूत्रात भारतीयांचा स्वतंत्र गटच नव्हता, २०२३ पासून अमेरिकेचे छातीचे डॉक्टर म्हणतायत की वंशाप्रमाणं वेगवेगळी सूत्रं वापरूच नका, सगळ्यांना एकच लावा. तुम्ही कुठलं लावणार ते आधी ठरवा, नाहीतर एकच माणूस एका सूत्रात आजारी आणि दुसऱ्यात ठणठणीत.

जातीचं नाव छापायचं की नाही यावर माझं मत स्पष्ट आहे. लिहून घ्या, त्याशिवाय काम होणार नाही, पण छापू नका. २००८ ला इंडियन जिनोम व्हेरिएशनच्या कामात ५५ समाजगट घेतले होते आणि भाषा, दिशा यांच्या अक्षरांचे कोड केले होते, तसं करता येतं. नाहीतर विवाह मंडळाच्या फॉर्ममध्ये रास, नाड, गोत्र याच्याखाली आणखी एक रकाना वाढेल आणि तो रकाना मुलीच्याच बाजूनं भरून घेतला जाईल.

परवानगीचं पण थोडक्यात. मागं एकदा आमच्या भागात एक टीम येऊन रक्त घेऊन गेली, बिस्किटचा पुडा दिला, अंगठे घेतले, परत कुणी फिरकलं नाही, त्या रक्ताचं पुढं काय झालं आम्हाला आजपर्यंत माहिती नाही. टीम कुठली ते सांगायची गरज नाही, कुठलीही असू शकते. अमेरिकेत हवासुपाई म्हणून आदिवासी आहेत, त्यांनी १९९० च्या सुमारास डायबेटीससाठी म्हणून विद्यापीठाला रक्त दिलं, ते मानसिक आजाराच्या आणि 'हे लोक मुळात आले कुठनं' असल्या अभ्यासांना वापरलं गेलं, त्यांनी कोर्ट गाठलं, २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर मोजून उरलेलं रक्त परत द्यावं लागलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीत संमती लोकांना कळेल अशा भाषेत घ्या, आचार समितीत सामान्य माणूस घ्या असं सगळं व्यवस्थित लिहिलंय. तो सामान्य माणूस आमच्यातला घ्या एवढंच म्हणणं आहे, मागावरचा घ्या, शेडमधली बाई घ्या.

आणि येताना फुंकायचं मशीन आणाल ते जाताना ग्रामीण रुग्णालयात ठेवून जा, चालवायला एका सिस्टरना शिकवून जा. ज्यांच्या छातीत शिट्टी सापडेल त्यांना नुसता निळा पंप नको, रोजचा स्टेरॉइडचा पंप सुरू होईल एवढं बघा. निळा पंप तेवढ्यापुरता छाती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते, आणि माझ्याकडं निळे पंप खपतात त्याच्या मानानं दुसरे किती कमी खपतात ते मला विचारा. जनुक सापडायला दहा वर्षं लागली तर लागू देत, हे त्याच आठवड्यात होण्यासारखं आहे.

शेवटचं, यायच्या वेळेबद्दल. एकाच महिन्यात येऊन जाऊ नका. बेदाण्यासाठी मार्च बरा, फडासाठी डिसेंबर-जानेवारी, ओलीसाठी ऑगस्ट, आणि गलाईवाले यात्रेलाच सापडतील, त्यांच्या तारखा गावागावाच्या वेगळ्या आहेत, त्या मी गोळा करून देतो. फॉर्मचा मराठी मसुदा झाला की छापायच्या आधी इकडं पाठवा. दुकानात येणाऱ्या चार-सहा जणांकडून वाचून घेतो आणि कुठल्या प्रश्नाला कोण अडलं, कुठल्या प्रश्नाला कोण खोटं बोललं, ते पेन्सिलनं खुणा करून परत पाठवतो.

आपला,
एक औषध दुकानदार
विटा, जि. सांगली